गाडीनं ऑइल किती खावं?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मोटार मेकॅनिकचं काम मुलांना शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक गाडीच्या तक्रारी माझ्याकडे घेऊन येतात. डॉक्टर लग्नाच्या पंगतीत बसले तरी शेजारचा माणूस त्यांच्यापुढे हात करून नाडी बघायला सांगतो, तसंच हे. या तक्रारींमध्ये एक तक्रार अशी आहे, की जिच्याबद्दल लोक एक तर फार घाबरतात किंवा अजिबात लक्ष देत नाहीत. ती म्हणजे, 'गाडी ऑइल खातेय.' आज त्याबद्दलच बोलू या.

सुरुवातीला दोन प्रसंग सांगतो.

पहिला एका निवृत्त शिक्षिकेचा. त्यांची छोटी पेट्रोल गाडी बारा वर्षांची, १ लाख ३० हजार किलोमीटर चाललेली. सर्व्हिसिंगला दिली तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, 'मॅडम, जुनं ऑइल काढलं तर कमी निघालं. गाडी ऑइल खातेय. रिंग-पिस्टन गेले. इंजिन खोलावं लागेल, पंचेचाळीस हजार धरून चाला.' बाई माझ्याकडे आल्या त्या घाबरूनच. म्हणाल्या, 'अहो सर, गाडी तर छान चालतेय. धूर नाही, आवाज नाही. मग एकदम ऑपरेशनच कसं सांगतात?'

दुसरा प्रसंग टुरिस्ट गाडी चालवणाऱ्या एका तरुणाचा. गाडी चार वर्षांची, कर्ज अजून फिटायचं होतं. दर १० हजार किलोमीटरला सर्व्हिसिंग, तेही वेळच्या वेळी. शेवटच्या सर्व्हिसिंगनंतर ७ हजार किलोमीटर झाले असताना पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर समोरचा लाल दिवा लुकलुकला. त्यानं विचार केला, एवढा घाट चढून जाऊ, मग वर थांबून बघू. घाट संपायच्या आत इंजिन सीझ झालं. चेंबर उघडला तेव्हा साडेतीन लिटरपैकी पाऊण लिटरसुद्धा ऑइल शिल्लक नव्हतं. खाली कुठे गळती नव्हती. म्हणजे ७ हजार किलोमीटरमध्ये जवळजवळ २ लिटर ८०० मिलिलिटर ऑइल जळून गेलं होतं. हजार किलोमीटरला ४०० मिलिलिटर. तो मला म्हणाला, 'सर, सर्व्हिसिंगला एक दिवस इकडंतिकडं केलं नाही. आणि आता म्हणतात, एवढं ऑइल खाणं नॉर्मल आहे. नॉर्मल आहे तर इंजिन गेलं कसं?'

त्याचा हा प्रश्न अगदी रास्त होता, आणि माझं आजचं सगळं भाषण म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी हे समजून घेऊ, की इंजिन ऑइल खातंच कसं. पुष्कळांना वाटतं, की ऑइल हे इंजिनात फिरण्यासाठी आहे, जळण्यासाठी नाही. तेव्हा चांगल्या गाडीत ते थेंबभरही कमी होता कामा नये. हे खरं नाही. चालू इंजिन थोडं ऑइल जाळणारच.

घरी घावन किंवा डोसे करताना तव्याला तेल लावतात आणि अर्ध्या कांद्यानं ते पुसून घेतात. कितीही पुसलं तरी तवा कोरडा होत नाही. तेलाचा अगदी पातळ थर राहतो, आणि तो राहतो म्हणूनच घावन सुटतं. इंजिनात असंच घडतं. सिलिंडरमध्ये पिस्टन खालीवर होतो. त्याच्या भोवती साधारणपणे तीन रिंगा असतात. वरच्या दोन रिंगांचं मुख्य काम जळणाऱ्या वायूचा दाब अडवून धरण्याचं, आणि सर्वांत खालच्या रिंगचं काम भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून परत चेंबरमध्ये पाठवण्याचं. मात्र तिनं सगळंच ऑइल खरवडलं तर धातूवर धातू घासला जाईल. म्हणून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ असा ऑइलचा थर भिंतीवर मुद्दाम ठेवलेला असतो. वर पेट्रोलचा भडका उडतो, तेव्हा त्या थरातला थोडा भाग जळून जातो.

तो किती जळतो, याचा हिशेब आपण मांडून पाहू. समजा गाडी ताशी ६० किलोमीटरनं चालली आहे आणि इंजिन मिनिटाला अडीच हजार फेरे घेतं आहे. हजार किलोमीटर जायला साधारण हजार मिनिटं लागतील. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन भडके उडतात. म्हणजे हजार किलोमीटरमध्ये ५० लाख भडके झाले. एवढ्या प्रवासात १०० मिलिलिटर ऑइल जळालं, असं धरलं तर दर अडीच हजार भडक्यांमागे ऑइलचा जेमतेम एक थेंब जळाला. मिनिटाला दोन थेंब! इतकं ऑइल जळलं तर डोळ्यांना धूर दिसत नाही, नाकाला वास येत नाही. पण पट्टीवर मात्र ते दिसतं.

रिंगांखेरीज ऑइलला वर जायला आणखी वाटा आहेत. व्हॉल्व्हच्या दांडीला रबरी सील असतं. ते जुनं होऊन कडक झालं, की तिथून ऑइल झिरपतं. रिंगांच्या फटीतून खाली आलेला वायू चेंबरमध्ये साठू नये म्हणून ब्रीदरची नळी असते. तो वायू पुन्हा इंजिनातच जाळला जातो, आणि जाताना ऑइलची वाफ बरोबर नेतो. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो. त्याच्या बेअरिंगलाही इंजिनचंच ऑइल लागतं आणि तिथूनही थोडं निसटतं.

ज्यांनी जुन्या दोन स्ट्रोकच्या स्कूटर चालवल्या आहेत, त्यांना यात नवल वाटू नये. तिथे तर ऑइल पेट्रोलमध्ये मिसळूनच घालायचं. पेट्रोलपंपावर लिटरमागे २० मिलिलिटर टू-टी ऑइल मापानं घेतलेलं अनेकांना आठवत असेल. चाळीसचं ॲव्हरेज धरलं तर हजार किलोमीटरला २५ लिटर पेट्रोल आणि त्याबरोबर अर्धा लिटर ऑइल. ते सगळं जळण्यासाठीच होतं. स्कूटरच्या मागे निळसर धूर दिसला तर आपण म्हणत नव्हतो की इंजिन गेलं. मोटारीत मात्र चेंबरमधलं ऑइल वेगळं ठेवलेलं असतं, म्हणून ते संपतं हेच आपल्याला पटत नाही.

आता मुख्य मुद्दा. किती ऑइल जळणं योग्य?

कंपन्या याचं उत्तर देतात. गाडीबरोबर मिळालेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहिलेली पुस्तिका जरा काढून बघा. टोयोटाच्या अनेक पुस्तिकांमध्ये कमाल मर्यादा हजार किलोमीटरला १ लिटर अशी दिलेली आहे. फोक्सवॅगनच्या पुस्तिकांमध्ये ती हजार किलोमीटरला अर्धा लिटर अशी आढळते. अमेरिकेत जनरल मोटर्सनं आपल्या विक्रेत्यांना दिलेल्या सूचनांमध्ये २ हजार मैलांना एक क्वार्ट, म्हणजे आपल्या हिशेबानं हजार किलोमीटरला सुमारे ३०० मिलिलिटर, ही मर्यादा धरली होती. एकाच कामाच्या यंत्राला तीन ठिकाणी तीन वेगवेगळे आकडे! यावरूनच लक्षात यावं, की हे निसर्गनियम नाहीत. इतक्या खर्चापर्यंत कंपनी वॉरंटीत इंजिन उघडून देण्यास बांधील नाही, अशी ती रेघ आहे.

या रेघेचा आणि निरोगी इंजिनचा फारसा संबंध नाही, याचं एक चांगलं उदाहरण आहे. टोयोटाच्या २००७ ते २००९ सालच्या काही कॅमरी गाड्यांच्या २.४ लिटर इंजिनांबद्दल अमेरिकेत ऑइल जास्त जळण्याच्या तक्रारी आल्या. २०१४-१५च्या सुमारास कंपनीनं या इंजिनांची वॉरंटी वाढवून पिस्टन आणि रिंगा बदलून दिल्या. कोणाच्या बदलायच्या, हे ठरवण्यासाठी १२०० मैलांत एक क्वार्ट ही कसोटी लावली गेली. म्हणजे हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर. दुरुस्तीची वेळ आली तेव्हा कंपनीनं स्वतःच लिटरभराच्या निम्म्यावर रेघ ओढली.

आता आपल्या टुरिस्ट गाडीवाल्या तरुणाकडे परत येऊ. लहान गाडीच्या चेंबरमध्ये साधारण तीन ते चार लिटर ऑइल मावतं. त्याच्या गाडीत साडेतीन लिटर होतं. पुस्तिकेतली मर्यादा हजार किलोमीटरला अर्धा लिटर धरू. सर्व्हिसिंग १० हजार किलोमीटरला. दहा गुणिले अर्धा, म्हणजे ५ लिटर. चेंबरमध्ये ऑइल साडेतीन लिटर आणि दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये 'नॉर्मल' खर्च ५ लिटर! ७ हजार किलोमीटरला चेंबर कोरडा. मर्यादा लिटरभराची असेल तर साडेतीन हजारालाच.

म्हणजे गाडी मर्यादेत ऑइल खात असेल, सर्व्हिसिंगही वेळेवर होत असेल, तरी इंजिन जाऊ शकतं. यात कंपनीनं फसवलं असंही म्हणता येत नाही. कारण त्याच पुस्तिकेत, त्याच पानाच्या आसपास, आणखी एक वाक्य असतं: ऑइलची पातळी ठरावीक काळानं तपासत जा आणि कमी असल्यास भरा. कंपनी जेव्हा मर्यादा सांगते, तेव्हा मधल्या काळात मालक पट्टी बघतो आहे हे तिनं गृहीत धरलेलं असतं. आपण मर्यादा ऐकतो आणि पट्टीचं विसरतो. त्या तरुणाचं इंजिन ऑइल खाल्ल्यामुळे गेलं नाही. खाल्लेलं ऑइल कोणी भरलं नाही, म्हणून ते गेलं.

इथे लाल दिव्याबद्दल सांगायलाच हवं. समोरच्या फलकावर तेलाच्या झारीसारखं चित्र असतं. फार मोठा गैरसमज असा आहे, की ऑइल कमी झालं की हा दिवा लागतो, म्हणजे पेट्रोलचा काटा खाली यावा तसं. तसं नाही. बहुतेक गाड्यांत हा लाल दिवा ऑइलचा दाब सांगतो, पातळी नाही. चेंबरमध्ये ऑइल इतकं कमी झालं, की पंपाला ते ओढून घेता येईना, म्हणजे मग दाब पडतो आणि दिवा लागतो. वळणावर, चढावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर ऑइल एका बाजूला सरकतं आणि दिवा लुकलुकतो. ही शेवटची घंटा समजा. तो लागला की जागा सुरक्षित बघून गाडी लगेच बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. 'घाट चढून जाऊ', 'पुढच्या पंपावर बघू', असं म्हणायचं नाही. दाब नसताना इंजिनचे बेअरिंग फार थोड्या वेळात जातात.

मग पट्टी बघायची कशी? गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन गरम असेल तर बंद करून पाचदहा मिनिटं थांबा, म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली येईल. पट्टी बाहेर काढा, स्वच्छ फडक्यानं पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग काढून बघा. पट्टीवर दोन खुणा असतात, खालची आणि वरची. ऑइल या दोन खुणांच्या मध्ये हवं. बऱ्याच गाड्यांत या दोन खुणांमधलं अंतर लिटरभराच्या आसपास असतं. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत मिळेल. पट्टी गरम इंजिनवर बघायची की थंड, हेही पुस्तिकेतच बघा. पण एकदा जी पद्धत धराल, तीच दर वेळी धरा. आज सकाळी थंड असताना आणि उद्या घाटातून आल्या आल्या, असं केलं तर आकडा कधीच जुळणार नाही.

खर्च मोजायचा असेल तर वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहून ठेवा. हजार किलोमीटर झाल्यावर त्याच जागी, तशाच वेळी पुन्हा बघा. औषधाच्या मापानं किंवा खुणा असलेल्या डब्यातून थोडंथोडं ऑइल भरा, मध्ये दोनचार मिनिटं थांबा आणि पुन्हा वरच्या खुणेपर्यंत आणा. जेवढं गेलं, तेवढा खर्च. हे दोनतीन वेळा केलं की खरा आकडा हाती येतो. एकाच मोजणीवर विसंबू नका. आणि वरच्या खुणेच्या पुढे मुळीच भरू नका. जास्त ऑइल झालं तर फिरणारी क्रँक त्यात आपटते, फेस होतो आणि ब्रीदरमधून ऑइल उलट जास्तच जळतं.

आकडा हाती आल्यावर तो कसा वाचायचा? माझ्या अनुभवातला ठोकताळा सांगतो. हा काही कायदा नव्हे. आजच्या साध्या पेट्रोल गाडीत हजार किलोमीटरला १०० मिलिलिटरपर्यंत खर्च म्हणजे प्रकृती उत्तम. अशा गाड्यांत एका सर्व्हिसिंगपासून दुसऱ्यापर्यंत पट्टी वरून खालच्या खुणेकडे येते, क्वचित थोडं भरावं लागतं. १०० ते ३०० म्हणजे वय झालेल्या गाडीला चालण्यासारखं. भरत राहा, लिहीत राहा. ३०० ते ५००च्या दरम्यान गेला तर कारण शोधायला लागा. ५००च्या वर, मग पुस्तिका काही म्हणो, गाडी जाणत्या माणसाला दाखवा.

पण यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे आकड्याची चाल. एखाद्या माणसाचं वजन पहिल्यापासून ८० किलो असेल तर डॉक्टर फार काळजी करत नाहीत. ६० किलोच्या माणसाचं दोन महिन्यांत ५० झालं तर लगेच तपासण्या सांगतात. तुमची गाडी पाच वर्षं २५० मिलिलिटर खात असेल तर तो तिचा स्वभाव आहे. ५० खाणारी गाडी अचानक २५० खायला लागली तर मात्र काहीतरी बिघडलं आहे. हे कळण्यासाठी वहीत चार जुने आकडे हवेत. सर्व्हिसिंगवाल्याकडे ते नसतात, तुमच्याकडेच असू शकतात.

कारण शोधताना पहिली पायरी म्हणजे ऑइल जळतंय की गळतंय हे बघणं. रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरून ठेवा. सकाळी त्यावर डाग दिसला तर इंजिन खोलण्याची भाषा करायच्या आधी टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ड्रेन बोल्टचा वॉशर, ऑइल फिल्टर, ऑइल सील हे बघून घ्या. यातली बरीच कामं इंजिन उघडण्याच्या मानानं किरकोळ खर्चाची असतात.

गळती नसेल तर धूर बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय. गरम इंजिनातूनही पांढरा दाट धूर येत राहिला तर रेडिएटरचं पाणी आत शिरत असण्याचा संभव असतो. निळा धूर कधी येतो, हेही बोलकं असतं. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना एक झुळूक येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घ्यावा. घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडून इंजिनच्या ब्रेकवर गाडी आली आणि पायथ्याशी पाय देताच मागे निळा लोट उठला, तरी बोट व्हॉल्व्हकडेच जातं. चढावर जोर लावताना सतत धूर येत असेल तर मात्र रिंगांकडे बघावं लागतं. व्हॉल्व्ह सीलचं काम रिंग-पिस्टनच्या मानानं स्वस्त असतं. त्यामुळे 'रिंग-पिस्टन गेले' असं कोणी म्हटलं, तर कशावरून, हे विचारा. कॉम्प्रेशन तपासलं का, ब्रीदरचा व्हॉल्व्ह तुंबला नाही ना, हे विचारा. प्रामाणिक मेकॅनिकला या प्रश्नांचा राग येत नाही.

ऑइलचा खर्च वाढतो कशामुळे? वय आणि झीज हे तर झालंच. पण आपल्या हातातलीही कारणं आहेत. ऑइल वेळेवर बदललं नाही तर त्याची काजळी रिंगांच्या खाचेत बसते, रिंगा चिकटतात आणि खरवडण्याचं काम बंद पडतं. एअर फिल्टर फाटका असेल किंवा नीट बसला नसेल तर उन्हाळ्यातली बारीक धूळ आत जाते आणि सिलिंडरची भिंत पॉलिश पेपरनं घासल्यासारखी झिजते. इंजिन एकदा जबर तापलं, की रिंगांचा ताण कमी होतो. आणि ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचंच हवं. नव्या गाड्यांना पातळ ऑइल लागतं, कारण त्यानं घर्षण कमी होतं आणि ॲव्हरेज वाढतं. त्याच हेतूनं रिंगांचा ताणही पूर्वीपेक्षा कमी ठेवलेला असतो. त्यामुळे एखादी नवी गाडी जुनीपेक्षा थोडं जास्त ऑइल खाते, तेव्हा ती वाईट बनावटीची आहे असं लगेच समजू नये. इंधनात वाचवलेल्या पैशाचा थोडा भाग ती ऑइलमध्ये घेते. पण म्हणून मनानं जाड ऑइल घालू नका. अरुंद वाटांमधून ते वेळेवर पोहोचत नाही.

लांबच्या प्रवासाचं एक वेगळंच गणित आहे. शहरात रोज पाच किलोमीटर जाऊन येणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापत नाही. मग थोडं पेट्रोल आणि पाण्याचा अंश ऑइलमध्ये उतरत राहतो. ऑइल जळून कमी होतं तेवढी ही भेसळ वाढते आणि पट्टीवरची पातळी जैसे थे दिसते. आपण खूश, की आमची गाडी ऑइल खातच नाही! अशी गाडी एकदम महामार्गावर नेली, की इंजिन कडकडीत तापतं, भेसळ उडून जाते आणि दोनतीनशे किलोमीटरमध्ये पट्टी खाली आलेली दिसते. शिवाय सतत जास्त फेऱ्यांवर चालणारं इंजिन ऑइलही जास्त जाळतं. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. मुंबईकडून नागपूरला जाऊन यायचं म्हणजे १४०० किलोमीटर, तेही ताशी १२०च्या मर्यादेला भिडून. हवा तपासता, तशी निघण्यापूर्वी पट्टीही बघा आणि त्याच ग्रेडच्या ऑइलचा एक डबा डिकीत टाका. नागपूरला पोहोचल्यावर पुन्हा एकदा बघा.

याच्या उलट, पातळी वाढत असेल तर तीही आनंदाची गोष्ट नाही. बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले, तेव्हापासून डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर सर्रास आला. तो साफ होण्यासाठी जादा डिझेल सोडलं जातं. गाडी सारखी थोडंथोडंच चालवली, तर ही सफाई अर्धवट राहते आणि त्यातलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पट्टीवर पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर ते बदलूनच घ्या.

आणखी एक. वरून ऑइल भरत राहिलं म्हणजे ऑइल बदललं असं होत नाही. वरणात पाणी घालून वरण वाढतं, पण काल केलेलं वरण ताजं होत नाही. ठरलेल्या वेळी सगळं ऑइल आणि फिल्टर बदलायलाच हवा.

आता त्या शिक्षिकाबाईंचं काय झालं ते सांगतो. आम्ही इंजिन खोललं नाही. वही घातली. २ हजार किलोमीटरमध्ये अर्धा लिटर ऑइल लागलं, म्हणजे हजाराला २५० मिलिलिटर. त्यांची गाडी वर्षाला ५ हजार किलोमीटर चालते. वर्षाचा जादा खर्च सव्वा लिटर ऑइल, पाचसहाशे रुपये. पंचेचाळीस हजार खर्च करून वर्षाला पाचसहाशे वाचवायचे, याचं उत्तर बाईंनीच दिलं. त्या गणिताच्याच शिक्षिका होत्या. तीन वर्षं झाली, आकडा २५०वरून ३००च्या आसपास आला आहे. धूर नाही. तो ५००कडे सरकला किंवा धूर दिसू लागला, तर इंजिन उघडायचं, हेही ठरलेलं आहे. कारण जळालेल्या ऑइलमधला फॉस्फरस आणि राख सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसून तो निकामी करतात, आणि निळा धूर आपल्यामागून येणाऱ्याच्या छातीत जातो. तेव्हा गाडी किती खाते याला आपल्या खिशापलीकडचीही एक मर्यादा आहे.

त्या तरुणाला दुसरं इंजिन बसवावं लागलं. आधीच्या कर्जावर आणखी लाखाच्या वर बोजा चढला. मध्यंतरी भेटला होता. म्हणाला, 'सर, आता सीएनजीच्या रांगेत नंबर लागेपर्यंत अर्धा तास इंजिन बंदच असतं. तेवढ्यात बॉनेट उघडतो आणि पट्टी बघतो. बाकीचे ड्रायव्हर विचारतात, काय झालं रे गाडीला? मी म्हणतो, काही झालं नाही, म्हणूनच बघतोय.'

त्याच्या डॅशबोर्डवर देवाच्या तसबिरीशेजारी आता एक छोटी वही असते. तिच्या पहिल्या पानावर त्यानं लिहिलेला पहिला आकडा आहे, हजार किलोमीटरला ६० मिलिलिटर. उद्या सकाळी गाडी काढण्यापूर्वी आपणही पाच मिनिटं काढून आपल्या गाडीचा पहिला आकडा लिहावा, एवढीच विनंती करून थांबतो.